मुलांच्या साथी सांगून येतात

मूल तापलं की "हवा बदलली आहे ना, म्हणून" असं घरातली मोठी माणसं म्हणतात, बऱ्याचदा डॉक्टरही म्हणतात. ते खरंही असतं. माझी हरकत एवढीच आहे की या वाक्यावर विषय संपतो. हवा दरवर्षी बदलते, साधारण त्याच सुमारास बदलते, आणि तिच्यामागोमाग मुलांमध्ये पसरणारे आजारही बहुतेक तेच असतात. ज्याची चाहूल आठवडेच्या आठवडे आधी लागते त्याची तयारी साथ वर्गावर्गांत पोचल्यावर सुरू व्हावी, हे मला अजिबात पटत नाही. उष्मा आणि दमटपणा यांचं मुलांच्या संसर्गाशी नातं काय, हे शोधणं वैज्ञानिकांचं काम आहे. त्यांनी शोधलेलं वापरणं हे सार्वजनिक कारभाराचं काम आहे, आणि ते होत नाही.

या विषयावर दोन ठाम समजुती एकाच वेळी नांदतात. कडक उन्हात जंतू टिकत नाहीत ही एक, दमट हवेत रोगराई वाढते ही दुसरी. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही अर्ध्याच खऱ्या आहेत. २०२० साली पहिलीवर जगाने किती आशा ठेवली होती ते आठवून पाहा. उन्हाळा येऊ द्या, करोना आपोआप ओसरेल, असं जबाबदार पदावरची माणसंही बोलत होती. उन्हाळा आला आणि उष्ण देशांतही साथ पसरतच राहिली. कारण उघड होतं. त्या विषाणूविरुद्ध प्रतिकारशक्ती कुणाकडेच नव्हती, आणि इतकं कोरं मैदान मिळाल्यावर हवामानाचा अडसर फार थोडा उरतो. हवामान साथीचा वेग कमीजास्त करतं. साथ होणार की नाही, हे मात्र ते एकटं ठरवत नाही.

दमटपणाबद्दल बोलताना एक घोळ नेहमी होतो, तो आधी निस्तरायला हवा. हवामान खातं सांगतं ती सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवा जेवढी वाफ धरू शकते त्याच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे ते. ही धारणाशक्ती तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. एक घनमीटर हवा शून्य अंशाला जेमतेम ५ ग्रॅम वाफ धरते, २० अंशाला सुमारे १७ ग्रॅम आणि ३० अंशाला ३० ग्रॅम. त्यामुळे बाहेर शून्य अंशाची, धुक्याने शंभर टक्के भरलेली हवा घरात घेऊन २० अंशांपर्यंत तापवली तर तिची सापेक्ष आर्द्रता तीस टक्क्यांच्याही खाली उतरते. मुलं श्वास घेतात ती ही आतली हवा. ती कोरडी असेल तर नाकाघशातलं ओलसर अस्तर सुकतं आणि जंतूंना बाहेर ढकलण्याचं त्याचं काम मंदावतं. खोकल्यातून उडालेले थेंबही अशा हवेत चटकन आटून बारीक होतात आणि खूप वेळ तरंगत राहतात. बाहेरच्या आकड्यावरून आतला धोका ओळखता येत नाही, हे धोरण आखणाऱ्यांनी पहिल्यांदा लक्षात घ्यावं.

विषाणूंचं वागणंही एकसारखं नाही. १९६० साली नेदरलँड्समधल्या तिघा संशोधकांनी 'नेचर'मध्ये एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. इन्फ्लुएंझाचा विषाणू कोरड्या हवेत जास्त टिकतो आणि पोलिओचा विषाणू दमट हवेत, असं त्यांना प्रयोगांत आढळलं होतं. समशीतोष्ण देशांत फ्लू हिवाळ्यात आणि पोलिओ उन्हाळ्यात का येतो, याचं एक कारण त्यातून हाती लागलं. दोघांच्या रचनेतच फरक आहे. इन्फ्लुएंझाभोवती मेदाचं नाजूक आवरण असतं. पोलिओ आणि त्याच्या कुळातले इतर आतड्यातले विषाणू बिनआवरणाचे, चिवट. १९१६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहरात पोलिओने सुमारे ९,००० जणांना गाठलं आणि दोन हजारांहून अधिक जीव घेतले. त्यांतली बहुतेक लहान मुलं होती. लोक मुलांना घेऊन शहर सोडून पळत होते, पण नेमकं कशापासून पळायचं हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. आज आपल्याला ठाऊक आहे.

फ्लूचं पुढचं संशोधन आणखी बोलकं आहे. २००७ साली गिनीपिगांवर झालेल्या प्रयोगांत थंड आणि कोरड्या हवेत एका पिंजऱ्यातून दुसऱ्या पिंजऱ्यात संसर्ग सहज गेला, ३० अंशांना मात्र हवेतून गेलाच नाही. हे वाचून उष्ण प्रदेशातल्या माणसाला हायसं वाटेल. पण पुढच्याच वर्षी त्याच गटाने दाखवलं की प्राणी एकाच पिंजऱ्यात एकमेकांना चिकटून असतील तर ३० अंशांनाही संसर्ग होतो. उष्ण कटिबंधातल्या अनेक देशांत फ्लूचा जोर भर पावसात असतो, तो याच्याशी जुळतो. पावसात मुलं आत कोंडली जातात, एकाच बाकावर खेटून बसतात, तीच खेळणी हाताळतात. उष्ण आणि ओली हवा फ्लूला रोखते यावर विसंबून त्या देशांनी लसीकरणाचा महिना थंड देशांच्या दिनदर्शिकेवरून उचलला, तर लस चुकीच्या वेळी टोचली जाईल.

आता मला ज्या आजाराबद्दल सगळ्यांत जास्त बोलायचं आहे तो घेतो. तोंडात फोड, तळहात-तळपायांवर पुरळ, ताप आणि न जेवणारं, किरकिरणारं मूल. डॉक्टर याला हँड-फूट-माउथ म्हणतात. तो पोलिओच्या कुळातल्याच विषाणूंमुळे होतो आणि बहुतेक मुलं आठवडा-दहा दिवसांत बरी होतात. म्हणूनच त्याच्याकडे कुणी गांभीर्याने पाहत नाही. तैवानमध्ये १९९८ साली मात्र त्याच्या साथीत सव्वा लाखाहून अधिक रुग्णांची नोंद झाली, ४०५ जण गंभीर झाले आणि ७८ दगावले. मेलेली बहुतेक पाच वर्षांखालची मुलं होती. त्या साथीतल्या गंभीर आजारांमागे मुख्यतः एंटेरोव्हायरस ७१ हा प्रकार होता, जो क्वचित मेंदूच्या बुंध्यापर्यंत पोचतो.

या आजाराचं उष्म्याशी आणि दमटपणाशी असलेलं नातं बऱ्यापैकी मोजलं गेलं आहे. जपानच्या फुकुओका प्रांतात २००० ते २०१० या काळातल्या हजारो रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. सरासरी तापमान एका अंशाने वाढलं की आठवड्याचे रुग्ण सुमारे ११ टक्क्यांनी वाढत होते, आणि सापेक्ष आर्द्रता एका टक्क्याने वाढली की ४.७ टक्क्यांनी. दहा वर्षांखालच्या मुलांत हा परिणाम सर्वांत ठळक होता. चीनने तर २००८ च्या साथीनंतर या आजाराची नोंद सक्तीची केली, आणि पुढच्या पाचेक वर्षांत ७० लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्या नोंदींतून जे चित्र उभं राहिलं ते मला फार मोलाचं वाटतं. थंड उत्तर चीनमध्ये वर्षाला एकच शिखर येतं, जूनच्या आसपास. उष्ण, दमट दक्षिणेत दोन शिखरं येतात, एक मे महिन्यात आणि दुसरं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. देश एक, विषाणू तेच, पण दोन भागांची वेळापत्रकं निराळी. तीही कळली ती नोंदी ठेवल्या म्हणून. आजार सौम्य आहे, कशाला मोजायचा, असं म्हणणाऱ्या प्रत्येक आरोग्य खात्याने एवढी एक गोष्ट वाचावी.

दुसरं शिखर सप्टेंबरमध्ये येतं यावर चाणाक्ष वाचक लगेच विचारेल: तेव्हा तर शाळा उघडतात, मग श्रेय हवामानाला कसं द्यायचं? शंका रास्त आहे, आणि मला वाटतं ती या सगळ्या विषयाच्या मुळाशी आहे. गोवराचंच पाहा. इंग्लंड आणि वेल्समधल्या लसपूर्व काळातल्या नोंदी सांगतात की गोवराचे चढउतार शाळेच्या सत्रांबरोबर चालत. सुटी लागली की संसर्ग मंदावे, वर्ग भरले की पुन्हा उसळे. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर या देशात हेच चित्र वेगळ्या कारणाने दिसतं. तिथे गोवर कोरड्या ऋतूत पेटतो आणि पाऊस आला की विझतो. वरवर पाहता हा कोरड्या हवेचा प्रताप वाटेल. पण २०११ साली संशोधकांनी उपग्रहांनी टिपलेल्या रात्रीच्या दिव्यांवरून शहरांतल्या गर्दीचा अंदाज घेतला, तेव्हा असं दिसलं की शेतीची कामं संपल्यावर माणसं शहरांत येतात, दिव्यांची संख्या वाढते आणि गोवरही वाढतो. पावसाबरोबर माणसं शेतांवर परततात आणि साथ ओसरते. तिथे पाऊस माणसांना हलवतो आणि माणसं गोवराला.

यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की हवामान हे नुसतं निमित्त, खरा मामला गर्दीचा. मला हे टोकही मान्य नाही. लिमातल्या मुलांच्या रुग्णालयाचा अनुभव त्याला उत्तर देतो. पेरूच्या या राजधानीत १९९७-९८ च्या एल निनोमध्ये थंडीचा ऋतू थंड राहिलाच नाही, तापमान नेहमीपेक्षा पाच अंशांपर्यंत वर गेलं. १९९३ पासूनच्या ५७ हजारांवर नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की त्या काळात जुलाबाने दाखल होणाऱ्या मुलांची रोजची संख्या दुपटीवर गेली होती. एरवीही दर अंशामागे दाखल होणारी मुलं सुमारे आठ टक्क्यांनी वाढत होती. त्या वर्षी शाळांची वेळापत्रकं बदलली नव्हती, बदललं होतं ते तापमान. गरम हवेत अन्नातले जिवाणू भराभर वाढतात, पाण्याची गरज वाढते आणि स्वच्छ पाणी तेवढंच राहतं. शिवाय लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचं क्षेत्रफळ जास्त असतं. ते लवकर तापतं, लवकर सुकतं, आणि पाणी दे म्हणून सांगण्याइतकं मोठं नसतं. मोठ्या माणसाला दोन दिवस अशक्तपणा आणणारे जुलाब उकाड्यात तान्ह्या बाळाचा जीव घेऊ शकतात.

तरी जुलाबाचंही एक वेळापत्रक नाही. रोटाव्हायरसचे जुलाब थंड-कोरड्या महिन्यांत जास्त असतात, निदान समशीतोष्ण देशांत. आणि २००६ साली अमेरिकेत रोटाव्हायरसची लस आल्यावर त्या हंगामाचा आकारच बदलला. शिखरं बुटकी झाली आणि मोठी साथ एक वर्षाआड यायला लागली. जे वेळापत्रक निसर्गाने लिहिलंय असं वाटत होतं त्यात लशीने खाडाखोड केली. माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयातली ही सर्वांत आशादायक गोष्ट आहे.

डासांचं थोडक्यात सांगतो. डेंग्यूचा विषाणू डासाच्या पोटातून त्याच्या लाळेत पोचायला २५ अंशांना सरासरी पंधरा दिवस लागतात, ३० अंशांना साडेसहा. डासाचं आयुष्यच थोड्या आठवड्यांचं, म्हणून हा फरक जबरदस्त ठरतो. पण डेंग्यूचा प्रसार २९ अंशांच्या आसपास सर्वाधिक असतो आणि तिशीच्या मध्यापलीकडे डासच टिकाव धरत नाही. जितकी गर्मी तितका आजार, असा सरळ हिशेब इथेही लागू होत नाही.

उष्म्याचा एक परिणाम तर विषाणूंशी थेट संबंधितच नाही, आणि मोठ्या बातम्यांत तो क्वचित येतो. तो लशींवर होतो. बहुतेक लशी दोन ते आठ अंशांत जपाव्या लागतात. तोंडावाटे द्यायची पोलिओ लस उष्णतेला सर्वांत हळवी. कारखान्यापासून शेवटच्या वस्तीपर्यंतची ही शीतसाखळी कुठे तुटली हे १९९६ पर्यंत डोळ्यांना कळायचा मार्ग नव्हता. त्या वर्षी पोलिओ लशीच्या कुप्यांवर उष्णतेने रंग बदलणारी खूण आली आणि सुईण, परिचारिका, स्वयंसेवक यांच्या हाती पहिल्यांदा विश्वासाचं साधन आलं. पुढे आफ्रिकेच्या मेनिंजायटिस पट्ट्यासाठी बनवलेली लस ४० अंशांपर्यंतच्या तापमानात चार दिवस बर्फाविना वापरायला २०१२ साली परवानगी मिळाली. त्या पट्ट्यात मेंदूच्या आवरणाच्या दाहाची ही साथ कोरड्या, धुळीच्या वाऱ्यांच्या महिन्यांत येते आणि पावसाबरोबर थांबते. म्हणजे साथीचा काळ आणि लस जपायला सगळ्यांत अवघड असा काळ जवळजवळ एकच. या अडचणीवर तोडगा काढायला माणसं बसली आणि तो निघाला. उष्णतेच्या लाटा वाढत असताना प्रत्येक देशाने आपल्या शीतसाखळीकडे याच नजरेने पाहायला हवं. वीज गेल्यावर लशीचं काय होतं, हा प्रश्न उन्हाळ्याच्या आधी विचारायचा असतो.

वेळापत्रक वापरता येतं याचा सर्वांत मोठा पुरावा पोलिओनेच दिला आहे. भारतात १९९५ साली सुरू झालेल्या पल्स पोलिओच्या देशव्यापी फेऱ्या हिवाळ्यात ठेवल्या गेल्या. उकाड्यात आणि पावसाळ्यात जोर धरणारा विषाणू हिवाळ्यात सर्वांत दुबळा असतो, तेव्हाच त्याच्यावर घाव घालायचा, हा त्यामागचा हिशेब होता. देशातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला. हे यश असंख्य कार्यकर्त्यांच्या पायपिटीचं आहे, पण ती पायपीट कोणत्या महिन्यात करायची हे ऋतूच्या अभ्यासाने ठरवलं होतं.

मग बाकीच्या आजारांसाठी असं का होत नाही? मला मिळालेलं नेहमीचं उत्तर म्हणजे अंदाज चुकू शकतात. चुकतात, मान्य आहे. करोनाच्या निर्बंधांनंतर श्वासनलिकांचा दाह करणाऱ्या आरएसव्ही विषाणूने २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात आणि २०२१ मध्ये अमेरिकेत ऐन उन्हाळ्यात साथ आणली. हा तर हिवाळ्याचा विषाणू. बराच काळ मुलांना त्याचा संसर्गच झाला नव्हता, त्यामुळे ऋतूची वाट पाहायची त्याला गरज उरली नाही. तापमान वाढत जाईल तशी जुनी वेळापत्रकं आणखी सरकतील. पण सरकलेलं वेळापत्रक कळायलाही आठवड्या-आठवड्याच्या नोंदी लागतात. अंदाज चुकेल म्हणून मोजणंच सोडून देणाऱ्याला साथ आल्याचं रुग्णालय भरल्यावरच कळतं. पावसाचा अंदाजही चुकतो. त्यासाठी कुणी हवामान खातं बंद करत नाही.

दुसरं उत्तर खर्चाचं. ते मला आणखी कमी पटतं, कारण मागण्या साध्या आहेत. दमट महिने लागण्यापूर्वी पाळणाघरांना आणि बालवाड्यांना सांगायचं की हँड-फूट-माउथचे दिवस येत आहेत, साबण-पाण्याची सोय ठेवा. करोनानंतर सगळीकडे पसरलेलं अल्कोहोलचं द्रावण या बिनआवरणाच्या विषाणूंवर तितकंसं चालत नाही, हेही त्यांना सांगायचं. आजारी मुलाच्या शौचातून विषाणू पुढे कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो, म्हणून पुरळ गेल्यावरही लंगोट बदलल्यावर हात धुणं सोडायचं नाही. उष्णतेची लाट जाहीर होते तेव्हा त्याच सूचनेत क्षारसंजीवनीच्या पुड्या कुठे मिळतील ते लिहायचं. यांतल्या कशालाच फार पैसा लागत नाही.

पैसा लागतो तो वर्गखोल्यांना, आणि तो लागायलाच हवा. उकाडा वाढला की खिडक्या बंद करून खोली यंत्राने गार करण्याकडे सगळ्यांचा कल होतो. ज्यांना परवडतं ते करतात, आणि मी त्यांना दोष देत नाही. चाळीस अंशांत मुलांना शिकवणं क्रूरपणा आहे. पण बरीचशी यंत्रं आतलीच हवा गार करून पुन्हा आत सोडतात. १९७४ साली अमेरिकेत रॉचेस्टरजवळच्या एका प्राथमिक शाळेत गोवराच्या एकाच मुलीपासून चौदा वर्गांतल्या २८ मुलांना संसर्ग झाला. शाळेतल्या जवळजवळ सर्वच मुलांना लस मिळालेली होती. त्या २८ जणांतली बहुतेक मुलं तिच्या वर्गात कधी बसलीही नव्हती. वायुवीजनाची यंत्रणा बरीचशी हवा फिरवून फिरवून सगळ्या खोल्यांत पोचवत होती. गारवा आणि ताजी हवा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी देणारी वर्गखोली बांधता येते. उंच छत, समोरासमोरच्या खिडक्या, सावलीचा व्हरांडा, आणि जिथे यंत्र लागेल तिथे बाहेरची हवा आत घेणारं यंत्र. पुढची पन्नास वर्षं उभ्या राहणाऱ्या शाळांचे आराखडे आज मंजूर होत आहेत. त्या आराखड्यांवर सही करणाऱ्याने दर तासाला खोलीतली हवा किती वेळा बदलते हा आकडा मागायला हवा, आणि तो कागदावर नसेल तर आराखडा परत पाठवायला हवा.